फॉस्फेटवाली पावडर की बिनफॉस्फेटची? बोअरच्या पाण्यात धुवून बघितलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. जड पाण्यात, म्हणजे ज्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असतं आणि साबणाला फेस येत नाही अशा पाण्यात, फॉस्फेटवाली पावडर खरंच चांगली धुते. पण झिओलाइट (कॅल्शियम पकडणारी पांढरी भुकटी) आणि सायट्रेट (लिंबूसत्वाचा क्षार) घातलेली बिनफॉस्फेटची पावडर तिच्या इतकी जवळ येते की रोजच्या कपड्यात फरक कळत नाही, दोनतीन जागा सोडल्या तर, आणि त्या जागांनाही उपाय आहे. तिसरी एक असते, जिच्यातून फॉस्फेट काढून त्याजागी नुसता धुण्याचा सोडा भरलेला असतो, तीही बिनफॉस्फेटचीच म्हणून विकली जाते. ती घेऊ नका. हे तिसरं कुणी नीट सांगत नाही, सगळे फॉस्फेट आहे की नाही एवढंच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पाण्याबद्दल आधी बोलायला लागेल, कारण पावडर कुठली चांगली हे पाण्यावर ठरतं. पुणे शहरात खडकवासल्याचं पाणी येतं, ते धरणाचं, बऱ्यापैकी मऊ. आम्ही वाघोलीच्या पुढे राहतो, इकडे बोअर आणि उन्हाळ्यात टँकर. हा सगळा दख्खनचा बेसाल्ट, काळा कातळ, त्याच्यातून झिरपून आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. सोसायटीने लॅबमधून तपासून घेतलं तेव्हा कठीणपणा लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर निघाला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत ठीक धरतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात, म्हणजे आमचं पाणी कायद्याने पिण्यालायक पण कपड्यांच्या दृष्टीने वाईट. १८० च्या वर गेलं की ते खूप जड पाणी समजतात. याउलट आमच्या गावी, चिपळूणच्या बाजूला, जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी इतकं मऊ की साबण अंगावरून निघता निघत नाही.

एक गोष्ट इथेच सांगतो, टीडीएस मीटर घेऊन कठीणपणा मोजायला जाऊ नका. तो मीटर पाण्यात विरघळलेले सगळेच क्षार एकत्र दाखवतो, त्यात मीठही आलं, आणि मिठाने पाणी जड होत नाही. घरी बघायचं असेल तर बाटलीत थोडं पाणी घ्या, त्यात धुण्याच्या जुन्या पद्धतीच्या साबणाचा कीस टाका आणि जोरात हलवा. मऊ पाण्यात वर भरपूर फेस येतो, जड पाण्यात फेस बसतो आणि दह्यासारखे पांढरे कण तरंगतात. मात्र साबण खरा साबण हवा, डिटर्जंटची वडी नको.

आता फॉस्फेट नक्की करतं काय. पावडरमधलं फॉस्फेट म्हणजे सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट, धंद्यातले लोक त्याला एसटीपीपी म्हणतात. मळ काढणारा मुख्य घटक ते नव्हे, तो म्हणजे ॲसिड स्लरी, तेलकट मळ सुटतो तो तिच्यामुळे. पण जड पाण्यात ही स्लरी कॅल्शियमला चिकटून वाया जाते, पाच चमचे टाकले तर तीनच कामाला येतात असं समजा. एसटीपीपी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोघांनाही धरून ठेवतं आणि पाण्यात विरघळलेलंच ठेवतं, खाली बसू देत नाही. शिवाय निघालेली माती परत कापडावर बसू देत नाही, आणि पाण्याचा अल्कलीपणा एका पातळीवर धरून ठेवतं. तीन कामं एका पदार्थात, म्हणून १९४० च्या दशकानंतर जगभरातल्या डिटर्जंट कंपन्यांनी ते उचललं. वाईट पदार्थ म्हणून ते काढायला लागलेलं नाही. काढायला लागलं ते नदीनाल्यांमुळे, त्यावर पुढे येतो.

तुलना करायची तर बाकी सगळं सारखं ठेवून फक्त फॉस्फेट बदललं पाहिजे. बाजारातली दोन पाकिटं शेजारी ठेवून ते होत नाही, कारण एकात डाग तोडणारं एन्झाइम असतं, दुसऱ्यात कपडे जास्त पांढरे भासवणारा ब्राइटनर जास्त असतो, वास वेगळा असतो आणि वासाने आपण फसतो. आमच्या इथे एक बचत गट धुण्याची पावडर बनवतो, घमेल्यात कालवून, चाळून, वाळवून, किलोच्या पिशव्या भरतात. त्या ताईंना मी विचारलं की एकाच स्लरीत आणि एकाच सोड्यात मला तीन प्रकार करून द्याल का. ताई म्हणाल्या, दादा आम्हालाही बघायचंच आहे, एसटीपीपी महाग पडतं, काढलं तर चालेल का हे गिऱ्हाइकाला विचारायची सोय नाही. म्हणून तीन लॉट झाले. पहिल्यात शंभर किलोमागे पंधरा किलो एसटीपीपी. दुसऱ्यात ते पंधरा किलो काढून तेवढाच धुण्याचा सोडा, म्हणजे सोडा ॲश, वाढवला. तिसऱ्यात त्याजागी झिओलाइट आणि थोडं सोडियम सायट्रेट. ब्राइटनर, रंगीत दाणे आणि सुगंध तिन्हीतून काढून टाकायला लावला, नाहीतर डोळे आणि नाक निकाल देणार.

मग घरातल्या सगळ्या कपड्यांना तीन रंगांचे दोरे शिवले आणि ज्या रंगाचा दोरा त्याच पावडरीत तो कपडा असं बरेच महिने चालवलं. टॉप लोड मशीन, साधं गार पाणी, लोडला ७० ग्रॅम पावडर. काही कपडे बादलीत भिजवून हातानेही धुतले.

पहिल्या आठवड्यात तिन्ही सारखेच वाटले. घामाचे शर्ट, बनियन, पायपुसणी, सगळं निघालं. इथेच बहुतेक लोक थांबतात आणि म्हणतात काही फरक नाही, स्वस्तातली घ्या. फरक पडतो तो हळूहळू. सोडावाल्या लॉटचे टॉवेल महिन्याभरात पापडासारखे कडक व्हायला लागले. त्याचं कारण असं की सोडा कॅल्शियमला धरून ठेवत नाही, त्याचा चुना करून खाली बसवतो, कॅल्शियम कार्बोनेट, आणि तो चुना बसतो कापडाच्या धाग्यात, मशीनच्या ड्रमवर आणि गरम पाण्याचं मशीन असेल तर हीटरवर. पाणी मऊ झालं खरं, पण चुना कपड्यातच राहिला. पांढरे कपडे करडे दिसायला लागतात ते यामुळे, मळ त्या चुन्यात अडकतो आणि पुढच्या धुण्यातही निघत नाही. मुलीच्या शाळेचे पांढरे शर्ट दोन होते, एक फॉस्फेटच्या लॉटचा आणि एक सोड्याच्या लॉटचा, दारात उजेडात शेजारी धरले की कुणीही सांगेल कुठला कुठला. झिओलाइटवाला टॉवेल फॉस्फेटवाल्याच्या मानाने किंचित कमी मऊ, पण हात फिरवून ओळखायला सांगितलं तर घरात दोघांनी चुकीचं उत्तर दिलं.

हाताने धुणाऱ्यांसाठी तर हा मुद्दा आणखी मोठा आहे. सोड्याचं पाणी एसटीपीपीच्या पाण्यापेक्षा बरंच तीव्र असतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मी कुठली पावडर कुठली हे सांगितलं नव्हतं, त्यांनी आपणहून सांगितलं की हिरव्या दोऱ्याच्या कपड्यांची पावडर नको, बोटं चरचरतात. ती सोड्याची होती. जी बाई चार घरचे कपडे हाताने धुते तिच्यासाठी पावडर निवडताना आपण हातांचा विचार करत नाही, आणि तो केला पाहिजे, पिशवीवरची किंमत बघून स्वस्त सोडा आणून ठेवायचा आणि त्यांच्या हाताला भेगा पडू द्यायच्या हे मला पटत नाही.

फॉस्फेट जिथे उघड जिंकलं ती जागा म्हणजे माती. गावाहून येताना लाल मातीने माखलेले कपडे येतात, पोरं पावसात खेळून आलेली असतात. ही चिकणमाती, तिचे कण बारीक आणि धाग्यात घट्ट बसणारे, आणि एसटीपीपीची खासियतच अशा कणांना सुटं करून पाण्यात तरंगत ठेवण्याची. गार पाण्यात झिओलाइटवाल्या लॉटने पायजम्याच्या घोट्याशी लालसर कड ठेवली, फॉस्फेटने नाही ठेवली. उपाय सापडला तो साधा, आधी कपडा कोरडा करून माती झटकायची, मग झिओलाइटवाल्या पावडरीत कोमट पाण्यात तासभर भिजवायचं. झिओलाइटला गार पाण्यात वेळ लागतो आणि मॅग्नेशियम त्याला नीट पकडता येत नाही, त्यासाठीच सोबत सायट्रेट लागतं. भिजवल्यावर कड गेली.

हळदीच्या डागाला फॉस्फेटने काही फरक पडला नाही. तिन्ही लॉटमध्ये वरणाचा डाग आधी लालभडक झाला, अल्कलीत हळद लाल होतेच, मग धुवून परत पिवळा, आणि शेवटी गेला तो उन्हाने. दूध, रक्त, घामाची पिवळी कॉलर, यांना एन्झाइम लागतं, ते बचत गटाच्या पावडरीत नव्हतं, त्यामुळे तिन्ही मागे पडल्या आणि कंपनीची एन्झाइमवाली बिनफॉस्फेटची पावडर सहज पुढे गेली. तेलाचे डाग स्लरीचं काम. सांगायचं हे की लोक ज्याला फॉस्फेटची ताकद समजतात त्यातली बरीचशी एन्झाइमची असते. फक्त एन्झाइमवाल्यात पैठणी किंवा लोकर घालू नका, रेशीम आणि लोकर दोन्ही प्रथिनंच आहेत, एन्झाइम त्यांनाही खातं. रेशमाला रिठा बरा, रिठ्याचा फेस जड पाण्यातही फाटत नाही.

झिओलाइटची खरी तक्रार आहे काळ्या कपड्यांवर. तो पाण्यात विरघळत नाही, बारीक पांढरी भुकटी असते, पाणी कमी पडलं किंवा मशीन कोंबून भरलं तर काळ्या जीन्सच्या शिवणीत पांढरी रेघ राहते. आमच्याकडे राहिली. एक जादा खळबळ केली की जाते, पण टँकरचं पाणी विकत घेणाऱ्याला जादा खळबळ परवडत नाही हे मला माहीत आहे, म्हणून काळ्या आणि गडद कपड्यांसाठी मी लिक्विड वापरतो. लिक्विडमध्ये सहसा झिओलाइटही नसतो आणि सोड्याचा मारही नसतो, सायट्रेटसारखे विरघळणारे पदार्थ असतात. महाग पडतं, म्हणून सगळ्यासाठी नाही वापरत.

आता नदीनाल्याचं. ७० ग्रॅम पावडर, त्यात १५ टक्के एसटीपीपी, म्हणजे साडेदहा ग्रॅम. एसटीपीपीच्या वजनातला साधारण चौथा हिस्सा फॉस्फरस असतो, म्हणजे एका लोडमागे अडीच ग्रॅमच्या वर फॉस्फरस गटारात गेला. युरोपात ३० जून २०१३ पासून घरगुती कपड्यांच्या डिटर्जंटला एका धुण्यामागे अर्ध्या ग्रॅमची मर्यादा आहे, आमच्या बचत गटाचा पहिला लॉट तिच्या पाचपट. स्वित्झर्लंडने तर १९८६ मध्येच कपड्यांच्या डिटर्जंटमधून फॉस्फेट बंद केलं. फॉस्फरस हे खत आहे, विष नाही, तो पाण्यात गेला की शेवाळ वाढतं, एका ग्रॅमवर साधारण १०० ग्रॅम सुकं शेवाळ वाढू शकतं असं धरतात. ते शेवाळ मरतं, कुजतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि मासे गुदमरतात.

फॉस्फेटच याला जबाबदार की आणखी काही, यावर १९६० च्या दशकात खूप वाद झाला, डिटर्जंटवाल्यांच्या बाजूने काही लोक म्हणत होते की कार्बनमुळे होतं. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर नावाच्या शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एका छोट्या तळ्याच्या मध्ये पडदा टाकला, एका अर्ध्यात कार्बन आणि नायट्रोजन, दुसऱ्या अर्ध्यात तेच दोन्ही पण सोबत फॉस्फरस. फॉस्फरसचं अर्धं तळं हिरवंगार झालं, दुसरं साफ राहिलं. विमानातून काढलेला तो फोटो बघा, मग वाद घालायची गरज उरत नाही.

आपल्याकडे ते बघायला कॅनडात जायला नको. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत जातं आणि भीमेवर पुढे उजनी धरण आहे. उन्हाळ्यात भिगवणला जाऊन पाणी बघा, हिरवं असतं, कडेला वास येतो. त्याच उजनीचं पाणी सोलापूर पितं. आम्ही इथे मशीन लावतो आणि आमच्या धुण्याचं पाणी सोलापूरच्या माणसाच्या वाट्याला जातं, हे मनात ठेवूनच मी पावडर घेतो. मुळा आणि पवनेवर दरवर्षी जलपर्णी माजते तीही याच खतावर.

पण प्रामाणिकपणे दोन गोष्टी सांगायला हव्यात. आळंदीला इंद्रायणीवर जो पांढरा फेस दिसतो तो फॉस्फेटचा नाही. फेस होतो तो स्लरीसारख्या फेसाळ रसायनांमुळे आणि न शुद्ध केलेल्या मैल्यामुळे, बिनफॉस्फेटची पावडरही तेवढाच फेस करणार. आणि दुसरं म्हणजे गटारातला सगळा फॉस्फरस धुण्यातून येत नाही, एका माणसाच्या लघवी आणि मैल्यातून दिवसाला साधारण दीड ग्रॅम जातोच, उसाच्या शेतातलं खतही वाहून येतं. त्यामुळे पावडर बदलली की नदी साफ होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण मैला बंद करता येत नाही, पावडर बदलता येते. चौघांच्या घरात रोज एक लोड निघत असेल तर फॉस्फेटवाली पावडर म्हणजे गटाराच्या हिशोबाने घरात जवळजवळ दोन माणसं वाढली.

दुकानात काय घ्यायचं, तर मोठ्या ब्रँडच्या बाबतीत फार डोकं लावायला नको. टाइड आणि एरियल बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलने २०१४ च्या जानेवारीत जाहीर केलं की जगभरातल्या त्यांच्या कपड्यांच्या डिटर्जंटमधून दोन वर्षांत फॉस्फेट काढणार. अमेरिकेत तर १९९४ पर्यंतच कपड्यांच्या डिटर्जंटमधून ते गेलं होतं. खरा प्रश्न आहे खुल्या पावडरीचा, आठवडी बाजारात पाच किलोच्या पिशवीत मिळते ती, आणि धोबी, हॉटेल, हॉस्टेलला गोणीने जाते ती. पिशवीवर घटक लिहिलेले नसतात, विकणाऱ्यालाही माहीत नसतं. त्यात एकतर एसटीपीपी असतं किंवा, स्वस्त असेल तर, नुसता सोडा आणि मीठ. ओळखायची एक सोपी रीत, एक चमचा पावडर तुमच्या नळाच्या ग्लासभर पाण्यात विरघळवून अर्धा तास ठेवा. जड पाण्यात सोडावाली गढूळ होते आणि तळाशी पांढरा गाळ बसतो. एसटीपीपीवाली बऱ्यापैकी नितळ राहते. झिओलाइटवालीही तळाशी बसते, म्हणून झिओलाइट आहे का हे मात्र विचारावंच लागतं, ग्लासातून कळत नाही.

सोसायटीत सांडपाणी शुद्ध करून बागेला देत असाल तर सोडावाल्या पावडरीविरुद्ध आणखी एक कारण. झाडांना फॉस्फेटचा त्रास नाही, सोडियमचा आहे, काळ्या चिकण जमिनीत सोडियम साठत गेलं की माती दगडासारखी बसते आणि पाणी मुरत नाही. आमच्या बागेत एक कोपरा तसा झालाय.

बचत गटाच्या ताईंनी आता तिसरा लॉट कायम केला, सायट्रेट थोडं वाढवून, किलोमागे थोडे रुपये जास्त पडतात आणि त्या गिऱ्हाइकाला तोंडाने सांगतात की काळे कपडे दोनदा खळबळा. मी तीच घेतो, पाच किलो एकदम. पाच पैकी चार स्टार, एक कापला तो काळ्या कपड्यांसाठी. फॉस्फेटवाल्या लॉटला धुण्यात पाच देईन पण घेणार नाही. सोडावालीला दीड, तेही फक्त फरशी आणि पायपुसण्यांसाठी.

सोडावाली वापरून ज्यांचे टॉवेल आधीच कडक झालेत त्यांनी फेकू नका. अर्धी बादली पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवून टॉवेल अर्धा तास भिजवा आणि साध्या पाण्यात खळबळा, चुना सुटतो. ब्लीचसोबत मात्र ते चुकूनही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. मशीनच्या ड्रमलाही कपडे न घालता हेच चालतं. आणि तुमच्याकडे धरणाचं किंवा कोकणातल्यासारखं मऊ पाणी असेल तर ही सगळी चर्चा अर्ध्यावर येते, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मी पावडर टाका, फॉस्फेटची गरज तर अजिबातच नाही.